भरलेली बोटं

वेरूळला आमचा चौतीस जणांचा वर्ग गेला आणि चौतीस हत्ती घेऊन परत आला. फॅशन टेक्स्टाईलच्या शेवटच्या वर्षाला स्वतःचं कलेक्शन करावं लागतं आणि त्याआधी पोत शोधावा लागतो. म्हणजे अशी एखादी वस्तू, जिच्यावर हात फिरवला की आपलं कापड कुठं फुगवायचं, कुठं झिजवायचं, कुठं दाबायचं ते सुचेल. लेण्यांत गेल्यावर सुचेल असं कॉलेजला वाटलं. आम्ही दगडावर कागद ठेवून पेन्सिल घासायला लागलो तर पहारेकरी शिट्टी फुंकत धावून आला. मग सगळ्यांनी मोबाईल काढले आणि समोर जे होतं त्याचा फोटो घेतला. समोर हत्ती होता.

आमच्या कलेक्शनच्या मार्गदर्शक मनस्विनी मॅडमनी माझा फोटो पाहिला. मॅडम बोलायला मऊ आणि तपासायला कडक.

"प्रेरणा, हा हत्ती तुझा आहे का?"

"नाही मॅडम."

"मग ज्यांचा आहे त्यांच्याकडे राहू दे. घरी जा. तुझ्या घरात रोज हाताला काय लागतं, ते आण."

बाकीच्यांना हे सोपं होतं. मृण्मयीनं पणजीचं नऊवारी आणलं, चिन्मयनं आजोबांचा वकिलीचा काळा कोट आणला आणि त्याच्या खिशात सापडलेल्या अडकित्त्याचं अर्धा तास कौतुक करून घेतलं. मला मात्र घाम फुटला. आम्ही मूळचे वैजापूर तालुक्यातले, पण अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्या जन्माआधीच कामासाठी चितेगावला आले. भाड्याच्या दोन खोल्या, वर पत्रा. आमच्या पेटीत पणजीचं काहीही नव्हतं. रेशनकार्ड होतं, अण्णांच्या दवाखान्याचे कागद होते आणि आईच्या तीन चांगल्या साड्या होत्या, तिन्ही पॉलिस्टरच्या. मी दोन दिवस घरभर हात फिरवत हिंडले. भिंतीवर फिरवला, तव्यावर फिरवला, ज्वारीच्या पिठात घातला.

"काय हरवलंय का तुझं?" आईनं विचारलं.

"पोत शोधतेय."

"गळ्यातली व्हय? ती तर माझ्या गळ्यात हाय."

तिसऱ्या दिवशी मला दोरीवर वाळत घातलेले अण्णांचे हातमोजे दिसले. तसे रोजच दिसायचे. कंपनीत देतात ते विणलेले सुती हातमोजे, धुऊन धुऊन राखाडी झालेले. उजवा साधाच होता. डाव्याची तीन बोटं तेलानं काळी पडली होती, तळव्याची वीण झिजून जाळी झाली होती. आणि करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट मात्र गच्च, गोल, जवळजवळ पांढरं. त्या दोन बोटांत चिंध्या ठासून भरल्या होत्या आणि तळाशी जाड दोऱ्याचे टाके घातले होते. झिजलेलं आणि फुगलेलं, काळं आणि पांढरं, सगळं एकाच हातात. माझ्या अंगावर काटा आला. आज सांगायला लाज वाटते, पण तो काटा दुःखाचा नव्हता. आनंदाचा होता. मला माझा पोत सापडला होता.

त्या बोटांची हकीकत अशी. सहा वर्षांपूर्वी अण्णा एका छोट्या वर्कशॉपमध्ये पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. प्रेसनं डाव्या हाताची दोन बोटं नेली. मालकानं दवाखाना केला आणि हात जोडले. पुढं वर्षभर अण्णा ज्या गेटवर जायचे तिथला माणूस आधी त्यांच्या हाताकडं बघायचा आणि मग जागा नाही म्हणायचा. शेवटी पैठण रोडवरच्या एका मोठ्या कंपनीत, पॅकिंगच्या लायनीवर, ठेकेदाराकडून लागले. भरतीच्या दिवशी ते हातमोजे घालून गेले होते आणि हातमोज्यात ही भरलेली बोटं होती. ठेकेदार माणसं मोजतो, बोटं मोजत बसत नाही. फिटनेसच्या कागदावर कुणीतरी न बघताच 'ठीक' असं लिहिलं, आणि त्या एका शब्दावर आमचं घर पाच वर्षं चाललं. माझं कॉलेजही.

लायनीवरच्या लोकांना माहीत होतं. डबा खायला बसलं की हातमोजे काढावेच लागतात. सुपरवायझर विश्वजीतलाही माहीत होतं. पण अण्णांचं काम कुणाहून कमी नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मिळून बघून न बघितल्यासारखं केलं. दर सुट्टीला अण्णा उंबऱ्यात बसून नव्या जोडीची दोन बोटं भरायचे. रिकामं बोट लोंबतं आणि लायनीच्या सरकत्या पट्ट्यात अडकतं, असं ते सांगायचे. खरं कारण आम्हा तिघांना ठाऊक होतं आणि आमच्यापैकी कुणी ते बोलत नव्हतं.

मी दोरीवरच्या तीन जोड्या काढून पिशवीत घातल्या. अण्णांना विचारलं नाही. घरच्या वस्तूला काय विचारायचं, असं मी स्वतःची समजूत घातली, पण ते खोटं होतं. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. संध्याकाळी त्यांनी दोरीकडं पाहिलं, आईला विचारलं, आई म्हणाली वाऱ्यानं गेले असतील. ते दुसऱ्या दोन जोड्या घेऊन भरायला बसले. मी शेजारी बसून चहा प्यायले आणि एक अक्षर बोलले नाही.

मॅडमनी हातमोजा हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. भरलेल्या बोटांवर त्या अंगठा फिरवत राहिल्या.

"हे टाके कुणाचे?"

"माझ्या वडिलांचे."

मी सगळं सांगितलं. मॅडमनी हातमोजा टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "हे तू लिही. जसं आहे तसं लिही. नुसतं कापड मुकं असतं." आणि दारापर्यंत गेलेल्या मला हाक मारून त्यांनी विचारलं, "वडिलांना चालेल ना?"

"हो मॅडम," मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच खरं वाटलं.

पुढचे दोन महिने माझ्यासारखी सुखी मुलगी त्या इमारतीत नव्हती. सुती दोऱ्याचं विणलेलं कापड घेऊन मी ते विटेनं घासायची, जाळी पडेपर्यंत. मधल्या पट्ट्या तशाच ठेवून त्यात चिंध्या भरायची आणि अण्णांच्या टाक्यासारखा टाका घालायची. त्यांचा टाका सरळ नसतो. धड असलेल्या तीन बोटांत हातमोजा अडकवून ते उजव्या हातानं शिवतात, त्यामुळं प्रत्येक टाका थोडा ओढलेला येतो. तो ओढलेपणा साधायला मला आठ दिवस लागले. मृण्मयी म्हणाली, "तुझं नशीब चांगलं गं, तुझ्याकडे सांगायला काहीतरी आहे." मी हसले. चांगलं वाटलं मला ते.

कलेक्शनच्या आधी कॉलेजात एक छोटं प्रदर्शन असतं. माझं कापड टांगलं होतं, खाली काचेच्या पेटीत तीन जोड्या ठेवल्या होत्या आणि शेजारी माझी पाटी होती. 'माझे वडील बद्रीनाथ वाघचौरे यांचे हातमोजे. मशीनमध्ये गेलेली दोन बोटं ते चिंध्यांनी भरून काढतात, कंपनीत कुणाला कळू नये म्हणून.' शेवटचं वाक्य मी चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलं होतं. मला त्याचा फार अभिमान होता. एका वर्तमानपत्राचा बातमीदार आला, त्यानं फोटो काढला आणि पाटी जशीच्या तशी उतरवून घेतली.

बातमी आली त्या सकाळी अण्णा फाट्यावरून पाच पेपर घेऊन आले. लेकीचा फोटो आलाय एवढंच त्यांना पेपरवाल्यानं सांगितलं होतं. उभ्या उभ्याच, ओळीवर बोट ठेवून, त्यांनी सगळं वाचलं. माझा जीव टांगणीला लागला होता. 

"फोटो झकास आलाय," ते म्हणाले.

आईनं पेपर ओढून घेतला. तिला वाचायला वेळ लागतो. वाचता वाचता तिचा चेहरा उतरत गेला. "अहो, ह्यात बोटांचं लिहिलंय की."

"कंपनीचं नाव कुठंय त्याच्यात?"

"तुमचं नाव हाय की मग!"

"असू दे. वाघचौऱ्याच्या घरातलं कुणी कधी पेपरात आलं व्हतं का? पोरीचं नाव बघ आधी." एक पेपर घडी घालून त्यांनी डब्याच्या पिशवीत ठेवला. तेव्हा मी म्हणू शकले असते, अण्णा, नेऊ नका. दोन शब्दांचं काम होतं. मी मोबाईलवर आलेले अभिनंदनाचे मेसेज वाचत होते.

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोरांनी ती बातमी फळ्यावर चिकटवली. अण्णांनी सगळ्यांना पेढे दिले. दोन दिवस ती तिथं राहिली. तिसऱ्या दिवशी सुरक्षेची तपासणी करायला बाहेरून एक साहेब आले, चहा घेता घेता फळ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, हे बद्रीनाथ वाघचौरे कोण.

दुपारी दोनला अण्णा घरी आले. डबा तसाच भरलेला होता.

"नवा फिटनेसचा कागद आणा म्हणले," ते आईला म्हणाले. "तवर येऊ नका."

तसा कागद आता कुठला डॉक्टर देणार होता? आईनं डबा उघडला, भाकरी ताटात काढली आणि त्यांच्यापुढं ठेवली. मग ती माझ्याकडं वळली. आई मला कधी रागावत नाही, म्हणजे मनापासून रागावत नाही. त्या दिवशी रागावली. "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुझ्या बापानं पाच वर्षं मूठ झाकली. तू गावापुढं उघडून दाखवली. कॉलेजात हेच शिकवायलेत व्हय गं तुला?"

"तिला नको बोलू," अण्णा म्हणाले. "पेपर मी नेला."

"आन मोजे कुणी नेले?"

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला.  मला वाटलं, त्यांनी एकदा माझ्यावर ओरडावं, हातातली वाटी फेकून मारावी. त्यांनी ती वाटी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाले, "तू बी खाल्लं नसशील."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या गेटवर गेले. विश्वजीत सुट्टी झाल्यावर बाहेर आला. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा असेल. मी त्याला म्हटलं, ते माझं कॉलेजचं काम होतं, मी सगळं मनानं लिहिलं असं सांगते, लेखी देते.

"ताई, मी कितीदा बोललो साहेबांना," तो म्हणाला. "काकांसारखा माणूस नाय लायनीवर. पण त्यांचं एकच, उद्या त्याच हाताला काही झालं तर कोण बघणार? आम्हाला काय पहिल्यापासून माहीत नव्हतं का? सगळ्यांना माहीत होतं. माहीत असणं येगळं आन छापून येणं येगळं. आता कुणालाच माहीत नव्हतं म्हणता येत नाय." मग इकडंतिकडं बघून त्यानं विचारलं, "तुम्हाला ते शेवटचं वाक्य लिहायलाच पाहिजे होतं का?"

मी रिक्षात बसून घरापर्यंत रडले. समोरच्या बाईनं शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढं धरली, मी तीही घेतली नाही.

आई जवळच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला जाऊ लागली. अण्णा सकाळी उठून दाढी करायचे, कपडे घालायचे आणि उंबऱ्यात बसायचे. मी मॅडमना सगळं सांगितलं, 'चालेल ना'ला मी खोटं उत्तर दिलं होतं तेही सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. त्या म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी त्यांना स्वतः भेटायला हवं होतं." मग म्हणाल्या, "विषय बदल. तीन आठवडे आहेत, परीक्षकांच्या समितीशी मी बोलते. दुसरं काहीही कर."

मी सुटल्यासारखी घरी आले. अण्णांना सांगितलं की मी ते हातमोज्यांचं सोडून दिलंय.

 सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच मला त्यांच्या डोळ्यांत राग दिसला.

"सोडलं? कामून?"

"तुमची नोकरी गेली त्यापायी, अण्णा."

"गेली ना? मग ती फुकट घालवती का? नोकरी बी गेली आन तुझं ते बी गेलं, मग ऱ्हायलं काय?" ते उठून आत गेले, परत आले. "किती लागतेत जोड्या?"

 कलेक्शनमधला शेवटचा कोट हातमोजे जोडून करायचा होता, बारा जोड्यांचा. माझ्याकडं तीन होत्या आणि घरातल्या दोन. बाकीच्या मी विकत आणून स्वतः शिवणार होते. हे मी त्यांना सांगायला नको होतं. मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते शहागंजच्या बाजारातून सात जोड्या घेऊन आले आणि भरायला बसले. दोन दिवसांत बोटं भरून झाली. पण मोजे नवे, पांढरेशुभ्र. मी म्हटलं, चहाच्या पाण्यात बुडवते, गंजाचं पाणी लावते, आम्हाला शिकवलंय. त्यांनी मान हलवली. "चहाचा डाग चहाचाच दिसतो, पोरी. ह्याला काम लागतं."

मग त्यांनी एक जोडी हातात घातली, सायकलच्या चेनचं तेल तळव्याला पुसलं आणि घरामागं गेले. तिथं घरमालकाच्या विटा रचून ठेवलेल्या होत्या. अण्णांनी एक वीट उचलली, वळले, भिंतीपाशी ठेवली. पुन्हा वळले, दुसरी उचलली. लायनीवर खोकी उचलतात त्याच चालीनं. सगळा ढीग भिंतीपाशी आला की तो परत जागेवर न्यायचा. शेजारची मेघा कपडे वाळत घालायला आली आणि थबकली.

"काका, काय करायलात हे?"

"काम," अण्णा म्हणाले.

ते रोज ड्युटीच्या वेळेला सुरू करायचे. साडेबाराला हातमोजे काढून, हात धुऊन, आईनं ठेवलेला डबा खायचे आणि एक वाजता पुन्हा उभे राहायचे. दिवसाला एक जोडी नीट झिजायची. मी कॉलेजातून आले की तयार जोडी माझ्या टेबलावर असायची. मी एकदाही त्यांना थांबवलं नाही. मला त्या जोड्या हव्या होत्या. विटेवर घासून मला जे दोन महिन्यांत जमलं नव्हतं ते त्यांच्या हातून येत होतं, आणि मी रोज संध्याकाळी ते उजेडात धरून बघायची आणि खूष व्हायची. मग आत जाऊन त्यांच्यासमोर जेवायला बसायची. माझी मला किळस यायची, पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जोडीची वाट बघायची.

सातवी जोडी झाली त्या संध्याकाळी मी नवी पाटी लिहायला बसले. कोटाचं नाव, कापड, दोरा, एवढंच लिहिलं. अण्णा शेजारी हाताला खोबरेल चोळत होते. उजव्या तळव्याला फोड आले होते.

"वाचून दाखव," ते म्हणाले.

मी वाचलं.

"माझं नाव?"

"नको, अण्णा. ह्यावेळी नाही घालत."

"घाल की. आता काय कुणी काढायलंय का मला?" ते हसले. हसताना त्यांनी डावा हात सवयीनं मांडीखाली घेतला. "सात जोड्या मी मळवल्यात. नाव तर पायजेच."

मी पेन उचललं. काय लिहावं ते कळेना. शेवटी जे लिहिलं ते मोठ्यानं वाचलं, "हातमोजे, बद्रीनाथ वाघचौरे, कामगार."

त्यांचा चोळणारा हात थांबला. त्यांनी मागच्या दारातून विटांच्या ढिगाकडं पाहिलं.

"कामगार नको लिहू," ते म्हणाले. "खोटं व्हईल ते."

मी तो शब्द खोडला.